इंजिनं बंद झाल्यावर

"छाती इंचभर उतरलीय तुमची," शिंपी म्हणाला, आणि चूक टेपचीच असणार अशा खात्रीने त्याने ती झटकून छाती पुन्हा मोजली. तरुण पायलट हात पसरून आरशासमोर उभा होता. मागच्या भिंतीवर निरनिराळ्या कंपन्यांचे गणवेश ओळीने टांगलेले, आत माणसं नसलेले. या गल्लीत विमानांचे पायलट, जहाजांवरचे अधिकारी आणि बड्या हॉटेलांचे दरवान एकाच शिंप्याकडे येतात, आणि शिंपी तिघांशी सारख्याच अदबीने वागतो, कारण तिघांच्याही खांद्यावर तो तीच सोनेरी फीत शिवतो. "पोट वाढवून येणारे रोज बघतो," तो म्हणाला, "छाती उतरवून येणारे तुम्ही पहिलेच. बरं, पट्ट्या किती? तीन की चार?" तीन म्हणजे को-पायलट, चार म्हणजे कॅप्टन. शाळेतल्या पोरालाही आपली इयत्ता माहीत असते. पायलट म्हणाला, "उद्या सांगतो." "अहो, कापड तरी सांगा. हा तुमचा करडा, की पांढरा?" "करड्यावर चार, पांढऱ्यावर तीन." शिंपी हसला. "म्हणजे मळखाऊ घातलं की माणूस मोठा! वडिलांना विचारा बघू. मागच्या खेपेला सगळं तेच सांगत होते, कॉलर अशी करा, खिसा तसा करा. बाहेर बाकावर बसलेत का?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही आले आज."

आज. रस्त्यावर आल्यावर तो शब्द दातात अडकलेल्या तंतूसारखा जिभेला लागत राहिला. आज नाही आले, म्हणजे उद्या येतील, परवा येतील, बाकावर बसतील, टोपी मांडीवर ठेवतील. आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत त्याने कितीतरी लोकांना सांगितलं होतं, बाबा गेले, अचानक गेले, हो, मी विमानात होतो, नाही, भेट झाली नाही. सराव झाल्यासारखं सांगितलं होतं. आणि एका शिंप्याला सांगता आलं नाही. मागे फिरून सांगावं का? दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल, शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतील, तो टाचण्या काढून "अरेरे" म्हणेल. नको. शिंप्याच्या दुकानात तरी बाबांना राहू दे. तो चालत राहिला. फुटपाथवर कोणीतरी पाणी मारलं होतं, काचेच्या इमारतीत संध्याकाळचं ऊन शिरून परत येत होतं, आणि डोक्यावरून एक विमान चाकं खाली सोडून गेलं. सवयीने त्याने मान वर केली. वारा डावीकडून होता आणि आतल्या पायलटला तो जरा उशिरा कळला होता.

दोन्हीकडे उद्या उत्तर द्यायचं होतं. एक, आहे तिथेच, मालवाहू कंपनीत, कॅप्टनच्या कोर्सला जायचं. करडा शर्ट, चार पट्ट्या, डावीकडची सीट. त्याच्या वयात ती फारशी कोणाला मिळत नाही. दोन, प्रवासी कंपनी. पांढरा शर्ट, मोठं विमान, पण नव्या घरी नवी सून तशी गत: आधीचं काही धरायचं नाही, सगळ्यांत शेवटच्या नंबरावर उभं राहायचं, आणि कॅप्टन व्हायला केस पिकायची वाट बघायची. नातेवाईकांना हा प्रश्नच वाटत नव्हता. "अरे, माणसं कधी नेणार?" मावशी प्रत्येक भेटीत विचारायची. मामा तर त्याला टेम्पोवालाच म्हणायचा. "काय टेम्पोवाले, आज काय भरलंत? कांदे की बटाटे?" आणि ते ऐकून बाबा हसायचे, पण हसून झाल्यावर मामाला म्हणायचे, "खोकी बरी असतात रे. खोकी उतरताना शिव्या देत नाहीत." बाबांनी जन्मभर शहरातली बस चालवली होती. माणसं वाहून त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता. आपला मुलगा ज्यांना घाई नाही, ज्यांना सुटे पैसे नकोत, जे दारात उभे राहत नाहीत असे प्रवासी नेतो याचं त्यांना फार समाधान होतं.

आणि खरं सांगायचं तर त्यालाही होतं. हे कोणाला पटवता आलं नसतं. पहाटे धावपट्टीच्या कडेला, जिथे दिवेसुद्धा जरा कंजुषीने लावलेले असतात, तिथे उभं असलेलं आपलं जुनं पंख्याचं विमान. पोटात कधी फुलं, कधी औषधं, कधी छापखान्याच्या यंत्राचा एकच अवजड तुकडा. पाठीमागच्या दाराच्या फटीतून वास येतो आणि तिकडे न बघता कळतं आज काय आहे. मासळीचा वास शर्टातून दोन दिवस जात नाही. सगळ्यांत गंमत कोंबडीच्या पिल्लांची. एका दिवसाची पिल्लं, भोकं पाडलेल्या खोक्यांत, हजारोंनी. सगळा वेळ इंजिनाच्याही वर त्यांचा चिवचिवाट. चाकं जमिनीला टेकली की धक्क्याने सगळी एकदम चूप होतात, क्षणभर, आणि मग एकदम सगळी सुरू. मास्तर म्हणायचे, "हा आपला परीक्षक. पिल्लं जितकी कमी गप्प बसतील तितके मार्क जास्त."

मास्तर म्हणजे त्याचा कॅप्टन. आधी शिकवायचे, म्हणून मास्तर. निवृत्तीला वर्ष राहिलेले, कानात केस, खिशात सदा बडीशेप. उड्डाणाआधी एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, असा नियम आहे.

"दरवाजे?"

"बंद."

"इंधन?"

"पुरेसं."

"वजन?"

"बांधलेलं."

आणि सगळं संपल्यावर मास्तर कागदात नसलेला एक प्रश्न घालायचे, "आणि तू?" त्याने म्हणायचं, "हजर." तीन वर्षं. त्या दिवशी, मधल्या मोठ्या विमानतळावर, परतीच्या आधी, मास्तरांनी तो प्रश्न विचारला नाही. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा वाटलं होतं, विसरले. वय झालं.

तो दिवस त्याने इतक्या वेळा उलगडला होता की घड्या पडायच्या जागी आता तो फाटायला आला होता. दुपार. मोठा विमानतळ. इंजिनं बंद. मागे पिल्लांची खोकी चढत होती. विश्रांतीच्या खोलीत एक राखीव पायलट बुटांशिवाय पाय टेबलावर टाकून झोपला होता, त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. राखीव पायलट कशाला असतो? अशाच वेळेसाठी असतो. या धंद्यात एक रीत आहे, कुठल्या पुस्तकात असो नसो, सगळे पाळतात. वाईट बातमी हवेत द्यायची नाही. जमिनीवर, इंजिनं बंद झाल्यावर द्यायची, आणि द्यायच्या आधी त्या माणसाच्या हातात जे काही असेल ते काढून घ्यायचं, चहाचा कपसुद्धा. बातमी कळली की तो माणूस त्या दिवसापुरता पायलट राहत नाही. त्याने कितीही हट्ट केला तरी त्याला उडवू देत नाहीत. राखीव माणूस त्याच्या जागी बसतो आणि त्याला पहिल्या मिळेल त्या विमानाने घरी धाडतात. पहिलं मिळणारं विमान समोर उभं होतं. प्रवासी चढत होते. एक बाई जिन्यावर थांबून मुलाच्या नाकाला रुमाल लावत होती. ते विमान थेट घरी जाणार होतं, त्याचं स्वतःचं विमान आणखी एका गावाला माल उतरवून मग. ड्यूटीवरच्या माणसाने मास्तरांना फोनवर बोलावलं. मास्तर बराच वेळ आले नाहीत. आले ते दोन कप चहा घेऊन. म्हणाले, "हा टप्पा तू उडव. पुढचाही तूच."

त्याला आनंद झाला होता. हे कुठे ठेवायचं? दोन्ही टप्पे मिळाले म्हणून त्याला आनंद झाला होता. शेवटच्या टप्प्यात मास्तर फारसं बोलले नाहीत, फक्त धावपट्टी दिसल्यावर म्हणाले, "सावकाश." आणि त्याने विमान असं टेकवलं की पिल्लं गप्प बसलीच नाहीत. अंथरुणावर चादर पडावी तसं. आयुष्यातलं सगळ्यांत सुरेख उतरणं. इंजिनं बंद झाली, पंखे फिरत फिरत थांबले, आणि मास्तरांनी त्याच्या कानांवरचे हेडफोन हळूच काढले. मग त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. मग पाण्याची बाटली. तेव्हाच त्याला कळलं. शब्द नंतर आले. बाबांना सकाळी छातीत कळ आली होती, दुपारी आई हॉस्पिटलातून फोन करत होती, आणि ते तासाभरापूर्वी गेले होते. मागे पिल्लं ओरडत होती.

किंवा असं: मास्तर फोनवरून येतात, हात रिकामे. खांद्यावर हात ठेवतात. राखीव पायलट बूट चढवतो. तो जिन्यावरच्या त्या बाईच्या मागोमाग चढतो, खिडकीशी बसतो, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर बाबा म्हणतात, आलास? माल कोणाकडे दिलास?

किंवा असं: मास्तरांना फोन येतच नाही, ड्यूटीवरचा माणूस जेवायला गेलेला असतो, आणि मग कोणाचंच काही...

किंवा मास्तर सांगतात, आणि तो म्हणतो, मास्तर, मीच उडवतो. आणि ते उडवू देत नाहीत. दुसऱ्या कोणाला उडवू दिलं असतं त्यांनी? नियमाला पक्के. मग त्या दिवशीच का? आठ महिने त्याने एकच उत्तर धरून ठेवलं होतं: पिल्लांना उशीर झाला असता. राखीव माणसाला उठवा, कागद बदला, तासभर गेला असता, उन्हात पिल्लं मेली असती, कंपनीला भरपाई द्यावी लागली असती. कोंबड्यांपायी. त्याने मास्तरांना एकदाच विचारलं, "तुम्हाला तिथेच कळलं होतं ना?" मास्तरांनी बडीशेपेची पुडी उघडली, बंद केली. "हो. चूक धरायची तर माझी धर." एवढंच. त्यानंतर ते शेजारी शेजारी बसून उडत राहिले, दरवाजे, बंद, इंधन, पुरेसं, आणि शेवटचा प्रश्न दोघांच्या मधल्या जागेत न विचारता पडून राहायचा. मग मास्तरांनी त्याचं नाव कॅप्टनच्या कोर्ससाठी पुढे केलं. त्याच रात्री त्याने प्रवासी कंपनीला अर्ज केला. भरपाई म्हणून दिलेली सीट त्याला नको होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. आता दोनच माणसं, पण ती मटार तेवढेच आणायची. तो तिच्यासमोर बसला आणि एक शेंग उचलली.

"झाली मापं?"

"झाली. छाती उतरलीय म्हणाला."

"मग? मी रोज ओरडते ते काय उगाच? दोन घास नीट खायचे नाहीत आणि गणवेश शिवायचे." तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. "काय ठरलं तुझं? मामाचा फोन होता. म्हणतो, टेम्पो विकला का विचार."

"तीच घेतोय. प्रवासी."

"तुला आवडतंय ना पण? तू तर म्हणायचास, तिथे नुसता रुबाब."

"आवडायचा प्रश्न नाही, आई." शेंग त्याच्या बोटांत फुटली. हे तो कधीच बोलला नव्हता. आईला कशाला आणखी, असं म्हणून. पण आजचा 'आज' अजून दातात होता. "त्या माणसाच्या शेजारी मला आता बसवत नाही. मास्तरांच्या. त्यांना दुपारीच कळलं होतं, बाबांचं. मोठ्या विमानतळावरच. आणि त्यांनी मला सांगितलं नाही."

आईचे हात थांबले नाहीत. म्हणूनच पुढचं वाक्य आलं तेव्हा त्याला ते मटारांविषयीच काही वाटलं.

"मीच म्हटलं होतं त्यांना, सांगू नका."

फ्रिजची घरघर सुरू झाली.

"तुमच्या ऑफिसात केला फोन, त्यांनी तिकडे जोडून दिला. ते म्हणाले, मी आत्ता सांगतो त्याला. मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. ते काहीतरी सांगायला लागले, आम्ही असं करू, तसं करू, दुसरा माणूस. मी म्हटलं, मला काही ऐकवू नका, मला शब्द द्या. इथे हे असे पडलेत, तिथे पोर रडत रडत विमान घेऊन येणार, आणि माझं काय? एकाच दिवशी दोघं? मी किती रडले रे त्या फोनवर. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मग ते म्हणाले, बरं बाई, दिला शब्द. आणि डॉक्टर तर म्हणाले होते, रात्र निघेल. मला वाटलं, येशीलच तू तोवर."

तो बघत राहिला. तिच्या अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

"आणि दुसरा माणूस कुठून येणार होता तिथे?" आई म्हणाली. "म्हातारा एकटा कसा आणणार ते धूड? तूच सांगायचास की. मावशीच्या वास्तूला नाही आलास, तेव्हा काय म्हणालास? मी नसलो तर विमान जागचं हलत नाही, आई. यांना केवढं कौतुक त्याचं. खाटेवरसुद्धा त्या नर्सला सांगत होते, आमचा मुलगा नसला तर विमान हलत नाही, त्याला बोलावू नका एवढ्यात."

मावशीच्या वास्तूला त्याला जायचा कंटाळा आला होता. तो त्या दिवशी मित्राच्या खोलीवर पत्ते खेळत होता. विमान हललं होतं, राखीव माणसाने नेलं होतं. भोक पडलेल्या मोज्याचा अंगठा त्याच्या डोळ्यांपुढे आला, निवांत, गुलाबी, आणि मास्तर, हातात दोन कप, शब्द देऊन आलेले, ज्यांना आठ महिने एवढंच म्हणायचं होतं, तुझ्या आईला विचार. आणि जे म्हणाले नाहीत, कारण ते म्हटलं असतं तर हा स्वयंपाकघरात येऊन बसला असता आणि त्याने तिला सांगितलं असतं की आई, तिथे माणूस होता. झोपला होता. समोर विमान उभं होतं. मी दिवस मावळायच्या आत तुमच्याजवळ असतो.

"काय रे?" आईने विचारलं. आता तिचे हात थांबले. "चुकलं का माझं? होता का कोणी तिथे?"

तिने हे याआधीही विचारलं असणार, रात्री, भिंतीला. प्रश्न वापरून गुळगुळीत झालेला होता.

"नाही," तो म्हणाला. "कोणी नव्हतं. कुठून असणार?"

"बघ."

"मलाच आणावं लागलं असतं. बरं केलंस."

"बघ," ती पुन्हा म्हणाली, आणि इतका मोठा श्वास सोडला की ताटलीतली साल हलली. मग डोळे पुसायला पदराऐवजी कोपर वापरलं, कारण हात मटारांचे होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्या समोर असा बसला होता, आणि त्याला वाटलं, झालं, आता उद्या मास्तरांकडे जाऊ, करड्या शर्टावर चार पट्ट्या, त्यांच्या शेवटच्या वर्षात एकदा तरी डावीकडे मी आणि उजवीकडे ते, आणि पिल्लं मागे. राग कुठे ठेवला होता तिथे हात घातला तर तिथे काही नव्हतं, नुसती जागा. ती सीट त्याला किती हवी होती हे त्याला आत्ता कळत होतं. पोटात भूक उठावी तसं.

"मग या नव्या नोकरीत असतो का?" आई म्हणाली.

"कोण?"

"जास्तीचा माणूस. माणसांच्या विमानाला असेल ना? दोनशे लोक घेऊन जायचं म्हणजे ठेवतच असतील."

त्याने आणखी एक शेंग फोडली.

"तीच घे मग. बरं झालं तू ठरवलंस ते." ती शेंगा पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. "म्हणजे माझ्या वेळेला तुला सोडतील."

"आई, काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच काय त्यात? मी काय अमरपट्टा लिहून घेतलाय? उद्याच जाते म्हणत नाही. पण त्या टेम्पोत परत तसंच व्हायचं. मी तिथे पडलेली, आणि तुला कोणी सोडायला नाही, आणि माझ्या वेळेला, त्याला सांगू नका, असं म्हणायलाही कोणी नाही. यांना निदान मी होते. तिथे माणूस असतो ना? नक्की?"

तिच्याकडे बघताना त्याला दिसलं की आता दोन्हीपैकी एकच खरं राहू शकतं. खोक्यांच्या विमानालाही राखीव माणूस असतो हे, किंवा तिचा हा सोडलेला श्वास.

"असतो," तो म्हणाला. "तिथे असतो."

"मग झालं."

तो गॅलरीत गेला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. त्याने फोन लावला. मास्तरांनी लगेच उचलला, जसे ते कायम फोनपाशीच बसलेले असावेत.

"मास्तर, मी कोर्सला येत नाही."

"हं." मग, "राग गेलेला नाही तर."

"गेला. आईने सांगितलं सगळं." पलीकडे पुडीचा कागद वाजला आणि थांबला. "तिने विचारलं, तिथे दुसरा कोणी होता का."

"मग?"

"नव्हता म्हटलं. म्हणून ती म्हणतेय, जिथे असतो तिथे जा."

स्कूटर सुरू झाली, बंद पडली. मास्तरांना तीन वर्षांत कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागली नव्हती.

"मग जायलाच हवं तुला," ते म्हणाले.

"हो."

"कोण आहे रे?" आतून आईने विचारलं.

"मास्तर."

"त्यांना म्हणावं, त्या दिवशी तुम्ही ऐकलंत, फार उपकार झाले. म्हण बरं. लाजू नकोस."

त्याने फोन जरा घट्ट धरला. "मास्तर, आई म्हणतेय, उपकार झाले तुमचे."

पलीकडे पुडीचा कागद पुन्हा वाजला. दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.